दुसरे सावळीराम वाळके

मखमलाबादच्या रस्त्याला सावळीराम वाळक्यांचा छोटा मळा. मेथी, शेपू, कोथिंबीर काढायची, जुड्या बांधायच्या आणि पंचवटीच्या बाजारात ठरलेल्या जागी जाऊन बसायचं. साठी उलटली तरी हा माणूस कधी कुणाच्या अध्यात-मध्यात पडला नाही. त्यांच्या भागाच्या आमदारांचं नावही सावळीराम वाळकेच. त्यामुळे बाजारातली माणसं मळेवाल्या वाळक्यांना गमतीनं ‘आमदार’ म्हणायची.

विधानसभेचे अर्ज भरायच्या वेळेला ललित नावाचा एक पुढारी मळ्यात आला. तो आमदारांच्या विरोधातल्या उमेदवाराचा माणूस.

“काका, अपक्ष उभे राहा. धावपळ सगळी आमची, तुम्ही फक्त सही करायची.”

“मला कोण मत देणार?”

“का? तुम्ही काय कुणापेक्षा कमी आहात?”

असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. ललित गेल्यावर त्यांची बायको सगुणाबाई चुलीपुढून म्हणाल्या, “तुम्हाला ओळखतात म्हणून नाय उभं करत. त्या दुसऱ्याला ओळखतात म्हणून करताहेत. कळतंय ना?”

कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि सही करून आले.

चिन्ह मिळालं ढोबळी मिरची. प्रचार असा काही झालाच नाही. मतदानाच्या दिवशी मशिनवर स्वतःचा फोटो बघून त्यांना उगाच भरून आलं, आणि त्यांनी स्वतःलाच मत दिलं.

निकालाच्या दिवशी ते नेहमीसारखे बाजारात बसले होते. शेजारच्या चहावाल्याच्या मोबाईलवर फेऱ्यांमागून फेऱ्या चालल्या होत्या. दुपारी चहावाल्यानं मोबाईल वाळक्यांपुढे धरला. आमदार साहेब बाराशे मतांनी पडले होते. मळेवाल्या वाळक्यांना पडली होती एकोणीसशे.

थोड्याच वेळात गुलाल उधळत ललितची माणसं आली. त्यांनी वाळक्यांना खांद्यावर घेतलं. “काका, तुम्हीच आणलं आम्हाला!” सगळा बाजार बघत होता. खाली उतरवल्यावर त्यांनी न विकलेल्या जुड्या तशाच पाटीत भरल्या आणि घरी आले. सगुणाबाईंनी अंघोळीला पाणी काढून दिलं.

सकाळी ते पडलेल्या आमदारांच्या बंगल्यावर गेले. एरवी पाय ठेवायला जागा नसायची, आज अंगणात दोन-तीनच माणसं होती.

“साहेब, माझ्यामुळे झालं.”

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. मग विचारलं, “याआधी कधी आला होता का इथं?”

“आलो होतो. मळ्याच्या रस्त्यासाठी. तीनदा आलो, पण भेट नाय झाली.”

साहेबांनी आत चहा सांगितला. चहा आला, दोघांनी तो घेतला.

त्यानंतर वाळक्यांना बाजारात बसणं जड जाऊ लागलं. एकोणीसशे माणसांनी घाईत चुकीचं बटण दाबलं, हेच डोक्यात फिरत राहायचं. एक दिवस समोर फुलं विकणाऱ्या कलाबाई त्यांच्याजवळ येऊन टेकल्या.

“मी तुम्हालाच दिलं होतं.”

“चुकून ना?”

“चुकून कशाला? मला वाचता येतं की. फोटो बघून दिलं.” कलाबाईंनी बाजाराच्या टोकाकडे हात केला. “बायकांच्या मुतारीला ठेकेदारानं कुलूप घातलंय. दिवसभर आम्ही पाण्याचा घोट घेत नाय. कुणाला सांगावं? जे येतात ते हात जोडतात नि जातात. तुम्ही उद्याही इथंच सापडणार.”

“पण मी पडलो ना, बाई.”

“पडलात, पण उभे तर राहिला होता!”

वाळक्यांनी पाण्याचा डबा ओढला. मेथीवर पाणी शिंपडून झालं, गिऱ्हाईक येऊन गेलं. शेवटी उठून त्यांनी शेजाऱ्याला पाटीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि कलाबाईंसोबत महापालिकेच्या कचेरीत गेले. पहिल्या दिवशी तिथले साहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या खेपेला त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. वाळके उद्याही गेले, परवाही गेले. पुढे पुढे भाजीवाल्या चार बायकाही सोबत येऊ लागल्या.

संक्रांतीच्या आधी ते कुलूप निघालं. आत पाण्याचा पत्ता नव्हता. कलाबाईंनी पदर खोचला, नळावरून बादली भरून आणली आणि फरशी धुवायला घेतली. वाळके दुसरी बादली भरायला गेले.