सातवं दार

पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत दोघींची निम्मी वाट चालून झाली होती आणि फॉर्म लिहायला सोबत आलेल्या मुलीच्या टाचेला फोड आला होता. पुढे चालणाऱ्या मावशींना फोडबीड माहीत नव्हते. अकरा वर्षं त्या संशोधनाच्या पाहणीसाठी लोकांच्या दारात उभ्या राहत आल्या होत्या. आधी बाळांची वजनं, मग दमा, आणि या खेपेला साठीपुढच्या माणसांची स्मरणशक्ती. संशोधनाचा नियम असा, की वस्तीतलं दर सातवं घर घ्यायचं. कुलूप असेल तर तीनदा परत यायचं, पण शेजारी हौसेनं बोलावतोय म्हणून त्याच्याकडे शिरायचं नाही.

मावशी लिहिणारीला बजावायच्या, "जो हाक मारेल त्यालाच घेतलं, तर दार लावून बसलेल्यांचं दुखणं कोण लिहिणार गं?"

दार वाजवण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटत. देवाशी काय बोलत ते देवच जाणे. आत गेल्या की मात्र कुणाचा मुलाहिजा नाही. आजोबांना वार विचारला आणि सून मधेच "मंगळवार" म्हणाली, की मावशी हसून सांगत, "सूनबाई, पेपर त्यांचा आहे. तुम्ही जरा बाहेर बसा." सून गाल फुगवून बाहेर.

"तुम्ही सासू झाला असतात तर काही खरं नव्हतं," लिहिणारी म्हणाली.

"म्हणून तर देवानं मुलगा दिला नाही."

बोलता बोलता मावशींचीच गल्ली आली. मागच्या घेतलेल्या घरापासून पाच दारं मोजून झाली होती. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची खोली, तिला कुलूप. तिला लागून मावशींचं घर. त्याच्या पलीकडे निवृत्त पोस्टमन राहत. ते कठड्यावरून हात हलवत होते, "या, या! चहा टाकलाय!"

लिहिणारीनं पटकन हिशेब केला. खोली धरली नाही, तर सातवं घर पोस्टमनचं. धरली, तर मावशींचं स्वतःचं.

"गोदाम आहे ते. सोडून द्या," ती म्हणाली.

मावशी खिडकीशी गेल्या. आत स्टोव्ह होता, त्यावर झाकलेलं पातेलं, कोपऱ्यात गुंडाळलेली वळकटी. माणूस जिथे शिजवतो आणि झोपतो ते घर, हेही नियमातच होतं.

"मावशी, सगळे गोदामच म्हणतात त्याला. कोण बघायला येतंय?"

 लिहिणारीला सकाळची गोष्ट आठवली. ती मावशींना बोलवायला गेली होती. मावशींचे यजमान, काका, टेबलाशी बसले होते. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केलेली. पुढ्यात एक उघडं घड्याळ होतं, बशीत त्याचे स्क्रू. गेल्या महिन्यातही तेच घड्याळ तसंच उघडं होतं. "काय काका, झाला का नाश्ता?" तिनं विचारलं, आणि स्वयंपाकघरातून मावशीच म्हणाल्या, "हो हो, केव्हाच."

मावशींनी खिडकीच्या गजावरचा टॉवेल चाचपला.

"ओला आहे. राहतंय कुणीतरी." आणि पोस्टमनलाही ऐकू जाईल असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सहा!"

मग चार पावलं टाकून त्या आपल्याच बंद दारासमोर उभ्या राहिल्या. "सात."

लिहिणारीनं फॉर्म काढला, पण पेन उघडलं नाही.

"सहा महिने झाले," मावशी हळू म्हणाल्या. "कुणी काही विचारलं की ह्यांच्या आधी मीच बोलते. बाहेर कळू दिलं नाही. डॉक्टरकडेही नेलं नाही. कागदावर आलं की मग थकवा म्हणता येणार नाही ना."

"मग राहू द्या ना, मावशी."

"दुसऱ्याची सून बाहेर काढते ना मी?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. डोळे मिटले, उघडले. "आपलंच घर आपण करायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा उद्या सकाळी तू ये. वार विचार, महिना विचार, एकही प्रश्न गाळू नकोस. आणि मी मधे बोलले, तर माझं वय बघू नको. मला बाहेर बसव."