पॉलिश मारलेला वाघदेव

वारसा हा शब्द कुणी उच्चारला की आजही माझ्या कपाळावरची शीर तडतडायला लागते. उच्चारणाऱ्याच्या डोक्यावर गोल टोपी आणि गळ्यात माझ्या स्कूटरपेक्षा जड कॅमेरा असेल तर जास्तच.

डहाणू रोडला आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी काढलेला, त्यांच्यामागे मी चालवत आलेला. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा झाला त्या २०१४ सालापर्यंत प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला होता आणि मी दुकानात माश्या मारत बसायचे. आत बसून चिडचिड करण्यापेक्षा बाहेर जाऊन केलेली बरी, म्हणून रविवारी शटर ओढून कॅमेरा घेऊन निघायला लागले. समुद्र, सूर्यास्त, चिकूच्या वाड्या यांच्या वाटेला गेले नाही. ते सगळेच काढतात. मला हवं होतं कुणी ढुंकून बघत नाही असलं काहीतरी. फुग्यांच्या कारखान्यात ओळीनं उलटे टांगलेले साचे. सरावलीच्या वाटेवर कुणीतरी कुंपणाच्या भिंतीत चिणून टाकलेला जुना मैलाचा दगड, अर्धा अंक बाहेर राहिलेला. तलासरीच्या पुढे हद्दीवरची एक चहाची टपरी, जिचा गल्ला महाराष्ट्रात आणि मोरी गुजरातमध्ये. टपरीवाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बेन, मोरीनो फोटो शा माटे?" मोरीचा फोटो कशासाठी, हे मलाही ठाऊक नव्हतं; मी तो काढला.

माझ्याशी कुणी गोड वागायचं असं नाही. रेल्वेच्या नव्या मार्गाची मोजणी सुरू झाली तेव्हापासून तर कॅमेरा दिसला की लोक हातातलं काम टाकून पुढ्यात उभे राहायचे, "कोणाची जमीन मोजतेस?" मीही काही गरीब गाय नव्हते. दोन शब्द ऐकायचे, चार ऐकवायचे आणि फोटो काढायचा.

डोंगराकडच्या चढाला माझी स्कूटर दम टाकायची. मग ती वाटेवरच्या कासा गावच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानापुढे लावून मी पुढे वडापच्या जीपनं जायला लागले. तिथलाच एक जीपवाला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. पुढची सीट माझ्यासाठी राखायचा आणि वाटेत गाडी थांबवून म्हणायचा, "बाई, ह्यो दगड बघा. तुम्हाला आवडंल." दहातले नऊ दगड मला आवडायचे नाहीत, पण दहाव्यासाठी मी नऊ बघायचे. या अख्ख्या उद्योगात ज्याच्यावर मी कधी डाफरले नाही असा तो एकटाच.

२०१७च्या थंडीत त्यानं मला त्याच्या पाड्यावरचा वाघदेव दाखवला. वेशीवर, ऐनाच्या झाडाखाली उभी केलेली लाकडी फळी. वर कोरलेला सूर्य आणि चंद्र, मधे वाघ, बाजूनं नाग. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, त्याला शेंदूर लागतो, कोंबडं मिळतं, आणि त्यानं वर्षभर गुराढोरांना सोडून द्यायचं असा करार. हा त्याच्या बापानं कोरलेला. बाप जाऊन काही वर्षं झाली होती. लाकूड बुडाशी वाळवीनं पोखरलेलं, वाघाचा मागचा पाय झडून गेलेला, आणि फळी इतकी कललेली की मी न विचारता हात पुढे केला.

"हात नाय लावायचा," तो एकदम म्हणाला. "तो आपला पडंल तेव्हा पडंल."

त्यांच्याकडची रीत त्यानं सांगितली. देवाला टेकू द्यायचा नाही आणि पाडायचाही नाही. ऊन, पाऊस, वाळवी यांनी त्याला खाल्लं पाहिजे. स्वतःहून पडला की पडल्या जागी मातीत जाऊ द्यायचा, आणि मगच त्याच घरातल्या माणसानं कोरलेला नवा उभा करायचा. नवा त्यानं कोरून ठेवला होता. सागाला जंगलखातं हात लावू देत नाही म्हणून आंब्याच्या लाकडाचा. घरी माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला तो त्यानं मला दाखवला नाही. "उभा राहील तेव्हा बघाल," म्हणाला. स्वतःचं काही दाखवायची इतकी घाई झालेला आणि तरी थांबलेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

त्याची आई ओट्यावर बसली होती. मी फोटो काढत असताना ती मुलावर त्यांच्या बोलीत ओरडत होती. शब्द कळले नाहीत, माझ्याबद्दल होतं एवढं कळलं.

तो फोटो चांगला आला. खोटी नम्रता करत नाही, फारच चांगला आला. मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, आणि तिथे तो अध्यक्षांनी बघितला.

अध्यक्ष म्हणजे डहाणूजवळ आगरला बंगला बांधून राहिलेले मुंबईचे एक निवृत्त साहेब. रविवारी जुन्या वास्तू बघत हिंडणाऱ्या हौशी मंडळींचा एक ग्रुप त्यांनी काढला होता आणि स्वतःच त्याचे अध्यक्ष झाले होते. मला न विचारता मलाही त्यात घेतलं होतं. रोज सकाळी मोबाईलवर सुविचार यायचे. ते दुकानात आले, फोटोसमोर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ही जागा कुठली?"

"सांगणार नाही."

"अहो, वारसा सगळ्यांचा असतो."

"मग तुम्ही शोधा," म्हणाले आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा फोटो काढायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ते काचेतून मोबाईलवर माझ्या फोटोचा फोटो काढत होते. तेव्हाच हातातून मोबाईल हिसकावून घ्यायला हवा होता असं वाटतं, पण दुकानात बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकासमोर तेवढं करता येत नाही. तोच फोटो दाखवत ते कासाच्या बाजारभर विचारत फिरले, हे मला फार उशिरा कळलं.

२०१८चा पावसाळा मी दुकानातच काढला. दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आमच्याकडे सगळ्यांनाच ते दिवस आठवतात. डहाणूत माझ्या फ्रेमा खिळ्यांवर खडखडायच्या. डोंगराकडे घरांच्या भिंतींना तडे गेले आणि माणसं थंडीत अंगणात अंथरूण टाकायला लागली. त्याच दिवसांत एके दुपारी जीपवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तर बसला नाही.

"देव कुठं ठेवलास?" त्यानं विचारलं.

आजवर तो मला तुम्ही म्हणत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कुठला देव? कुणाशी बोलतोयस तू?"

तो दारातूनच बोलत राहिला. आवणीच्या दिवसांत अख्खा पाडा शेतात भात लावत होता तेव्हा एक टेम्पो आला आणि वाघदेव उचलून घेऊन गेला. वाघबारस खड्ड्याला शेंदूर लावून केली. आणि आता जमीन हलत होती. "पाडा म्हणतो, आधी कॅमेरा आला, मंग टेम्पो आला. कॅमेरा कोणाच्या गाडीतून आला? माझ्या. गाडीत कोणी बसत नाय आता. म्हाताऱ्या रस्त्यानं चालत जातात पण बसत नाय."

मी त्याला सांगणार होते की जमिनीचं हलणं वेगळं आणि लाकूड चोरणं वेगळं. पण तितक्यात मला सकाळच्या सुविचारांच्या गर्दीत येऊन गेलेला एक फोटो आठवला. मोबाईल काढला, शोधला. आगरच्या बंगल्याचा व्हरांडा, वर पिवळा दिवा, खाली वाघदेव. सोबत अध्यक्षांचं वाक्य: ‘वाळवीच्या तोंडातून वाचवलेला वारसा.’

त्यानं मोबाईल हातात घेऊन फोटो बोटांनी मोठा केला. "धुतला," एवढंच म्हणाला. "त्याला धुतला."

मी शटर ओढलं आणि त्याच्या रिकाम्या जीपमध्ये बसले.

साहेब हाफ पँटमध्ये झाडांना पाणी घालत होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला, हे मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटलं आम्ही बघायला आलो. वाघदेव भिंतीशी ताठ उभा होता. शेंदूर खरवडून काढलेला. बुडाचा पोखरलेला भाग कापून खाली लोखंडी बैठक ठोकलेली. वाघाचा झडलेला पाय लांबीनं, म्हणजे सुतारी पुटीनं, भरून काढलेला. आणि वरून खालपर्यंत पॉलिश, असं की त्यात मला माझा चेहरा दिसला.

"तीन हात मारलेत," ते म्हणाले. "आता याला पन्नास वर्षं काही होत नाही."

"तुम्ही कुणाला विचारून उचलला?"

"ताई, तिथे तो सडत होता!"

"सडायचाच होता तो!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला.

मग त्यांनी कायदा काढला, पोलीस काढले, अडाणीपणा काढला. जीपवाला देवासमोर उकिडवा बसून त्या लांबीच्या पायाला बोट लावून बघत होता. मी कॅमेरा काढला आणि साहेबांना म्हटलं, "उभे राहा त्याच्याशेजारी. छान फोटो काढते. मोठा करून काचेत लावते आणि खाली लिहिते, देवचोर. तुमच्या ग्रुपमधले सगळे माझ्याच दुकानावरून स्टेशनला जातात." ते हाताचा पंजा कॅमेऱ्यापुढे धरून मागे सरकले. फोटो काढून माझी जितकी रागाची हौस फिटली नसती तितकी त्या पंजानं फिटली. आम्ही दोघांनी देव उचलून जीपमध्ये आडवा घातला तेव्हा ते मागून सांगत होते की खाली गोणपाट टाका, पॉलिशवर चरे पडतील.

मला वाटलं, संपलं. पाड्यावर माणसं गोळा झाली. जाणत्यांनी देवाला फिरवून फिरवून बघितलं, लोखंडी बैठक उपटून टाकली आणि त्याच खड्ड्यात उभा केला. मग आपापसात बोलून ठरवलं ते जीपवाल्यानं मला गाडीत बसल्यावर सांगितलं. देव परत आला हे चांगलं झालं. पण त्याला माणसानं पडू दिलं नाही. आता तो रीतीनं, स्वतःहून पडला पाहिजे. त्याला त्यांनी सांगितलं होतं, जुना पडंल, नवा उभा राहील, मग बसू तुझ्या गाडीत.

"कधी पडंल?" त्यानं मला विचारलं. "तुम्हा शहरातल्यांचा रंग आहे तो. तुम्हाला ठाऊक असंल."

दुसऱ्या दिवशी मी डहाणूतल्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार गुजराती, बोलका. मी वर्णन केल्यावर खूश झाला. "बेन, ए तो एकदम फर्स्ट क्लास. पाऊस, ऊन, उधई म्हणजे तुमची वाळवी, कोई अडे नहीं. तुम्ही आम्ही जाऊ, लाकूड राहील." मी त्याला इतकं घालून पाडून बोलले की तो बिचारा हातातला डबा परत फळीवर ठेवायला लागला. त्याचा काय दोष होता? पण साहेबांवरचा राग अजून पुष्कळ शिल्लक होता आणि समोर तो होता.

जीपवाल्याला मी खरं सांगितलं. खरवडून काढू म्हटलं, पॉलिश पेपर आणते म्हटलं. त्यानं मान हलवली. देवाला आणखी एकदा माणसाचा हात नको. पाड्यावरची माणसं बसत नाहीत म्हणून त्यानं कासाची फेरी सोडली आणि चारोटीच्या नाक्यावर, हायवेच्या गिऱ्हाइकांत गाडी लावायला लागला. तिथले जुने जीपवाले त्याला रांगेत घुसू देत नव्हते. मी साहेबांच्या ग्रुपमधून बाहेर पडले, पडताना चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्यानं काही झालं नाही. पुढच्या महिन्यात ते मंडळ दुसरीकडे कुठला तरी वारसा वाचवायला गेलं.

२०१९चा पावसाळा आमच्याकडे धो धो होता. मी मनात म्हणत होते, पड आता, पड. वाघबारशीला गेले. वाघदेव उभाच होता, स्वच्छ धुतलेला. जीपवाल्यानं तेलात कालवलेला शेंदूर लावला तर तो पॉलिशवर बसेना. सूर्यावरून ओघळला, वाघावरून ओघळला आणि खाली गवतात जमा झाला. जीपवाल्याची आई माझ्याजवळ आली. आजवर ती माझ्याशी थेट कधी बोलली नव्हती.

"तुमच्या लोकांनी त्याला मरू दिला नाय," ती म्हणाली.

मी म्हणणार होते की ते माझे लोक नाहीत. तोंड उघडलंही. पण गळ्यात कॅमेरा होता आणि पायात बूट होते, म्हणून मिटलं.

पूजा आटपल्यावर जीपवाला मला घरात घेऊन गेला. माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेला नवा देव उतरवला आणि ओट्यावर ठेवला. "बघा," म्हणाला. फडकं सोडताना पिठासारखा भुसा सांडला. आंब्याचं लाकूड, दोन वर्षं काळोखात पडून होतं. भुंग्यानं आतून सगळं खाल्लं होतं. सूर्य होता, चंद्र होता, नाग निम्मा होता. वाघ मात्र त्यानं बापापेक्षा चांगला कोरला होता. मान वळवून मागे बघणारा वाघ मी आमच्या भागात दुसरीकडे कुठे पाहिला नाही. त्यानं त्याला बोट लावलं आणि वाघाचं तोंड गळून ओट्यावर पडलं.

"याचा काढा फोटो, बाई," तो म्हणाला. "ह्यो कोणी बघितलाच नाय."

मी काढला. एकच काढला. कॅमेरा बंद करून वर बघेपर्यंत म्हातारीनं केरसुणी आणून ओटा झाडायला घेतला होता, भुसा आणि तोंड एकत्रच.