मुठीत मावणारा फोन

माझा मोबाईल लहान आहे. मूठ मिटली की जवळजवळ दिसेनासा होतो. परभणीच्या दुकानात तो मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, हा तर म्हातारी माणसं नेतात. मोठा बघा ना."  मी फोन एका हातात धरून अंगठा चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो का ते बघितलं. पोहोचला. आमच्या चुडाव्याहून कॉलेजला येताना गाडीत एक हात दांडीला असतो, म्हणजे वाचायला एकच हात उरतो. एवढा विचार मी घरूनच करून आले होते.

तोटे नाहीत असं नाही. सरांनी पाठवलेल्या नोट्स त्यावर मुंगीएवढ्या दिसतात. बोटांनी मोठ्या कराव्या लागतात, मग ओळीचं एक टोक दिसतं तर दुसरं बाहेर जातं. मैत्रिणी म्हणतात, तू वाचतेस की काही शोधतेस. पण मला त्याची सवय झाली आहे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. भूगोल हा विषय आवडतो, पण वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की वाक्य अर्ध्यावरच तुटतं. गेल्या हिवाळ्यात सेमिनार होता, विषय मीच निवडला होता: काळी माती पाणी कसं धरून ठेवते. दहा मिनिटं बोलायचं. म्हणून मी एक रीत काढली. आपलं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं, पुन्हा ऐकायचं आणि जिथं अडखळले तिथं सुधारायचं. कागदावर काहीच नव्हतं, सगळं त्या फोनमध्ये.

सेमिनारच्या आदल्या दिवशी कापसाची वेचणी होती. कापूस वेचताना आमच्याकडं बाया अंगात घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट घालतात, बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. मी आबांचा, माझ्या वडिलांचा, शर्ट घातला होता. लहान फोन त्या शर्टाच्या वरच्या खिशात पूर्ण बसतो, वाकलं तरी पडत नाही. मी खिशातच रेकॉर्डिंग चालू केलं होतं आणि वेचता वेचता बोलत होते. मधेच कुणाचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटू नये म्हणून फ्लाइट मोड लावला होता.

आई शेजारच्या ओळीतून म्हणाली, "काय गं, मातीला भेगा पडत्यात हे सराला ठाऊक न्हाई का? त्येला शिकवायलीस का तू?"

"सराला ठाऊक हाय, आई. मला सांगता येतंय का ते बघायलेत."

"मंग सांग की. कपाशीला सांगायला तर लाजत न्हाईस."

दुपारी खिशाची शिवण उसवली. फोन खाली सरकायला लागला, म्हणून मी तो कमरेच्या ओटीत टाकला, वेचलेल्या कापसावर. पुढं त्याच्यावर कापूस येत गेला. ओटी भरली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पसरलेल्या जुन्या साडीवर ओतायची, हे हातांना इतकं सवयीचं झालेलं असतं, की मी ती ओतली आणि पुन्हा ओळीत गेले.

फोनही कापसाबरोबर ओतला गेला हे लक्षात आलं तेव्हा साड्यांची गाठोडी बांधून झाली होती. मामा वालूरहून आले होते, त्यांनी पायानं दाबून दाबून ती बांधली होती. टेम्पोही येऊन उभा होता आणि निम्मी गाठोडी चढलीसुद्धा होती.

मामांनी आपला भाकरीएवढा फोन काढून मला रिंग दिली आणि कानाला लावून मान हलवली. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हनायलाय. गेला. बरं झालं. कॅल्क्युलेटर घेऊन कॉलेजात जायचीस, आता मानसासारखा फोन घे."

"मामा, त्याच्यात माझा उद्याचा सेमिनार हाय."

"मंग कापूसच घेऊन जा सरापाशी," असं म्हणत ते टेम्पोत चढले आणि एका गाठोड्यावर बसले.

टेम्पोवाला घाई करत होता. जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गाड्यांची रांग लागली होती, अंधार व्हायच्या आत त्याला वजनाचा काटा करून घ्यायचा होता. सगळी गाठोडी सोडून पाहायची तर कापूस पुन्हा बांधण्यात संध्याकाळ झाली असती. आई माझ्याकडं बघत होती. 

तेवढ्यात मला अलार्म आठवला. आबा पूर्णेला गेले होते, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला मोटर चालू करायचं काम माझ्याकडं होतं. त्या आठवड्यात लाईट दुपारी चारला यायची, म्हणून मी चारचा अलार्म लावला होता. फ्लाइट मोडमध्ये रिंग येत नाही, पण अलार्म वाजतो.

टेम्पोवाल्यानं चावी फिरवली. मी पुढं जाऊन उभी राहिले.

"दादा, जरा सबूर करा. चारला फोन वाजंल."

"आन् न्हाई वाजला तर?"

"तर जा. पण बॅटरीसकट फोन जिनिंगच्या मशीनीत गेला आन् आग लागली, तर सगळे तुमाला आन् आमालाच विचारतील."

या वेळी वाक्य पूर्ण झालं. त्यानं एकदा मामांकडं बघितलं आणि गाडी बंद केली.

मग आम्ही थांबलो. आई खाली राहिलेल्या एका गाठोड्याला कान लावून बसली, मी दुसऱ्याला. टेम्पोवाला आधी हसला, मग तोही एकावर वाकला. मामा वर बसून म्हणाले, "येड्याचा बाजार भरलाय नुसता."

आणि एकदम उठून उभे राहिले. "आयला, हे खालून गुरगुरायलंय की."

त्यांच्याच बुडाखालचं गाठोडं सोडलं. टेम्पोवाल्यानं कोपरापर्यंत हात घालून फोन काढला आणि तळहातावर ठेवून बघितला. "एवढुसा? ह्याच्यासाठी थांबवलं व्हय?"

"ह्याच्यासाठीच," मी म्हणाले, आणि मोटर चालू करायला पळाले.

दुसऱ्या दिवशी गाडीत एका हातानं दांडी धरून मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. काळी माती फुगते इथपर्यंत माझा आवाज होता, मग शिवण उसवल्याचा टरटर आवाज, मग कापसाची नुसती खसखस.

वर्गात सरांनी विचारलं, आधी कोण बोलणार. मी हात वर केला. फळ्याजवळ जाऊन उभी राहिले तरी मागच्या बाकांवर बोलणं चालूच होतं. मी वाट बघितली, आणि मग तोंडातून आलं, "जरा सबूर करा." दोघं-तिघं हसले, मग गप्प झाले. मी मातीबद्दल बोलायला सुरुवात केली.