कंधारच्या गाडीतून उतरणारी माणसं

कंधारच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली, तेव्हा आईनं दशम्यांचं गठुडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीतून म्हणाली, "भ्या वाटलं तर पयल्या गाडीनं वापस ये. लाजू नको." मी हसलो. लातूरला जाऊन पार्सलं वाटायची, त्यात भ्यायचं काय? तुम्ही समदे गावकरी तर पोरगं नोकरीला लागलं म्हणून सांगत फिरत होता.

खरं सांगू? मला आता रोज भ्या वाटतं. कुत्र्यांचं नाही, ट्रकांचंही नाही. सकाळी पार्सलांचं ॲप उघडायचं भ्या वाटतं, आज पैसे किती घटले असतील म्हणून. आधी या भागात आमची एकच कंपनी होती. क्लासच्या पोरांच्या होस्टेलांत मला नावानं ओळखायचे, आणि दर पार्सलमागं मिळणारा रेटही बरा होता. मग दुसरी कंपनी आली, तिनं दुकानदारांचा माल स्वस्तात पोचवायला घेतला. आमच्या मालकानं त्याहून स्वस्त केलं. ही स्वस्ताई आली कुठून? आमच्याच रेटमधून. पेट्रोल आमचं, गाडी आमची, पडलो तर गुडघेही आमचेच! कुरकुर केली की गोदामावरचे साहेब म्हणतात, "परवडत नसेल तर सोडा. गावाकडची पोरं याच्याहून कमीत करायला तयार हायेत."

गावाकडची पोरं म्हणजे कोण हो? नायगावची, उदगीरची, आपल्या कंधारची. आई अजून अधूनमधून कंधारच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती दशम्या पाठवते, त्या घ्यायला मी लातूरच्या स्टँडवर जातो. पूर्वी ती गाडी दिसली की जीव हरखायचा. आता मी गठुडं घेता घेता उतरणाऱ्या माणसांकडं बघून राहतो. पाठीला बॅग लावलेला तरणा गडी दिसला की वाटतं, हा आमच्याच गोदामाकडं निघालाय. आपल्याच माणसाला भ्यायची वेळ आली बघा.

परवा ड्रायव्हरजवळ गठुडं नव्हतं. ते काखेत मारून खाली उतरला तो आमच्या काकांचा बालाजी. बी.ए. झालेला, घरी बसून कावलेला. पाया पडला. "दादा, तुमच्या साहेबांचा फोन आल्ता. उद्यापासून ये म्हणले. मोठी आई तर लई खुश हाय. दोघं भाऊ एका जागी, आता काळजी न्हाई म्हणली."

"लाईन कोणती दिली रे? कुठल्या भागात वाटायचं?"

"क्लासची होस्टेलं. नव्या माणसाला सोपी हाय म्हणले."

ती माझी लाईन. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! राग तरी कुणावर काढावा? त्याला गाडीवर मागं बसवलं. रिंगरोडच्या गर्दीत त्यानं माझा शर्ट घट्ट धरला, लहानपणी जत्रेत धरायचा तसा. म्हणाला, "दादा, लई भ्या वाटून राहिलंय."

आईचं वाक्य माझ्या जिभेवर आलं. पयल्या गाडीनं वापस जा, लाजू नको. एवढं म्हणलो असतो तर तो गेला असता आणि माझी लाईन वाचली असती. पण हे मला मायेनं सुचलं का भ्यानं, माझं मलाच कळेना. इतकी वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी आईचं तेवढंच बोलणं होतं. ते असं वापरायचं? मी गाडी खोलीकडं वळवली.

खोलीवर येऊन गठुडं सोडलं. आईनं दोघांच्या दशम्या बांधल्या होत्या. आम्ही समोरासमोर बसून खाल्ल्या. सकाळी ॲप दोघांनाही उघडायचं होतं, आणि लाईन एकच होती.