सुनंदाकाकूंचा पक्का पासवर्ड

सुनंदाकाकू आपला पासवर्ड गॅलरीतून ओरडून सांगायच्या. खाली त्यांचा मुलगा संजू स्कूटरवर बसून विचारायचा, "आई, तुझा फोन का खुलत नाहीये?" वरून उत्तर यायचं, "अरे खंडोबा, मग एक-दोन-तीन." भाजीवाल्यालासुद्धा तो पाठ झाला होता.

मी समोरच्या घरात राहते. काका साताऱ्याहून इकडे मध्य प्रदेशात, देवासच्या कारखान्यात नोकरीला आले, तेव्हापासून ही दोघं इथलीच. आमच्या गल्लीत पाच-सहा मराठी घरं, आणि प्रत्येकाचा पासवर्ड म्हणजे कुलदैवत नाहीतर थोरला मुलगा. मी काकूंना टोकलं तर म्हणाल्या, "अगं, छुपवायचं कुणापासून? सगळे घरचेच तर आहेत." त्यांचं चुकतंय की आपलं, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग एकदा काकूंच्या नावाने मराठी मंडळातल्या सगळ्यांना लॉटरीचे भलतेसलते मेसेज गेले. कुणीतरी त्यांच्या खात्यात शिरलं होतं. तिथेही खंडोबाच होता. संजू चिडला. "आई, असा पासवर्ड ठेव, जो घरात कुणालाच मालूम नाही."

काकू बावचळल्या. दुपारी माझ्याकडे येऊन बसल्या, पुढ्यातला चहा गार झाला. "घरात कुणाला ठाऊक नाही असं माझ्याकडे काय असणार गं? माझं दुखणं, माझी आवड, सगळ्यांना सगळं ठाऊक." मी स्वतःचं काही आठवून पाहिलं, तर तिथेही तीच गत.

पुढच्या आठवड्यात फोनचाही पासवर्ड बदललेला होता आणि काकू तो सांगेनात. संजू मला विचारायला आला, "मावशी, आईला कुणी फसवत तर नाहीये ना?"

पुढे काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्याने धड दिसत नव्हतं. काकूंना बहिणीचा मेसेज ऐकायचा होता. त्यांनी घरच्यांना खोलीबाहेर पाठवलं आणि फोन माझ्या हातात दिला. "टाइप कर, कुमुद."

"ही कुमुद कोण?"

"मीच. लग्नात ताटातल्या तांदळांवर सुनंदा लिहिलं, त्याआधीची. माहेरी सगळे अक्काच म्हणायचे, त्यामुळे हे नाव कुणाच्या तोंडीच राहिलं नाही." मग गालात हसल्या. "ह्यांना विचारून पाहिलं, माझं पहिलं नाव काय होतं म्हणून. विसरलेत. म्हटलं, मग हाच पक्का. तू मात्र कुणाला सांगू नकोस हं."

हसावं की नाही, मला कळेना. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्या तर पैज जिंकल्यासारख्या खुशीत होत्या.

यंदा काकू गेल्या. तेराव्यानंतर संजू त्यांचा फोन घेऊन आला. नातीसाठी काकूंनी गाऊन रेकॉर्ड केलेल्या आरत्या त्यात होत्या, त्याला आईचा तेवढा आवाज हवा होता. "मावशी, बाबांचं नाव, माझं नाव, सगळे देव डालून पाहिले." मी काकूंना शब्द दिला होता. पण लेकाला आईचा आवाजही मिळू नये का? काय बरोबर ते समजेना. शेवटी पाठ फिरवून मी फोन उघडला आणि त्याच्या हातात दिला.

"काय होता?"

"तुझ्या आईचं नाव."

तो गोंधळला. "ते तर मी सगळ्यात आधी डालून पाहिलं होतं, मावशी."