विहीर शेजाऱ्याची, ऊस शेजाऱ्याचा

आधीच सांगतो, मी काही बावळट माणूस नव्हे. माळशिरसच्या कचेरीत कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो, हे मला तिथल्या कारकुनापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरीही मी जी माती खाल्ली, ती ऐका. हसलात तरी चालेल!

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सरकारनं नव्या विहिरीसाठी अनुदान काढलं. कुणाला? पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला. आमची जमीन बावीस एकर. मग काय, वडिलांनी सातबाऱ्यावर पाच वाटे पाडले. एक वाटा तर पाळण्यातल्या पुतण्याच्या नावावर! गावातले सगळे मोठे असेच रातोरात लहान झाले होते. खरा लहान एकच, आमच्या बांधाला बांध असलेला नामदेव. दोन एकर कोरडवाहू. अर्ज त्यानंही केला होता, पण त्याला कोण विचारतो?

त्याच आठवड्यात माझं लग्न ठरत होतं. मुलगी पाहून आलो होतो, आणि इतकी आवडली होती की परतताना एसटीत कंडक्टरला दोनदा तिकिटाचे पैसे दिले! तिच्या घरच्यांचं म्हणणं एवढंच, "पोरीचं मामा एकदा शेत बघतील. त्ये व्हय म्हणाले की बार उडवून टाकू."

सोमवारी अनुदानाचे साहेब पाहणीला यायचे होते. मी फाटकी बंडी घालून सकाळपासून बांधावर तयार. नऊच्या सुमारास एक गृहस्थ आले. काळी टोपी, बगलेत छत्री. राम राम नाही, काही नाही. थेट विहिरीवर गेले, खडा टाकून पाणी किती खोल ते पाहिलं, उसाचं कांडं हातानं चाचपलं. साहेबच की! दुसरं कोण असं करील?

"हीर कुणाची?"

"शेजाऱ्याची. नामदेवची."

"आन् इंजिन?"

"त्येचंच की."

"ह्यो ऊस?"

"त्यो बी त्येचाच. आमचं आपलं चार एकर खडकाळ रान. कुसळं बी उगवत न्हाईत."

"बैलं मातर लई झ्याक हायत!"

"मागून आणल्यात. सांजच्याला परत द्यायचीत."

त्यांचा चेहरा उतरत चालला. मला वाटलं, दया येतेय! मग मी रंगातच आलो. माझ्याच्यानं काम होत नाही, छातीत कळ येते, दोन वेळच्या भाकरीची मारामार आहे. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. खरं पाणी हो!

"सायेब, आता समदं तुमच्या हातात हाय. वर जरा चांगलं सांगा."

"सायेब? आवो, मी पोरीचा मामा! वर कुणाला सांगू? तिच्या आईला?"

आता मात्र छातीत खरोखरच कळ आली. मुलीकडचा माणूस शेत बघायला कधी सांगून येतो का? शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट, आणि मी विसरलो!

"मामा, हीर माझी हाय! बैलं माझी हायत! ऊस, इंजिन, समदं माझंच!" बैलाच्या गळ्याला मिठी मारून मी ओरडलो.

पलीकडे नामदेव ढेकळं फोडत होता. मामांनी त्यालाच विचारलं, "काय वो, हे समदं तुमचं का?"

"न्हाय बा. समदं मालकांचं. माजी ही दोनच एकर."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पावणं, एका हिरीसाटी तुमी बैलं नाकारली, उभा ऊस नाकारला. उद्या सरकारनं बिनबायकूवाल्यांसाटी योजना काढली, तर आमच्या पोरीला बी शेजाऱ्याचीच म्हणाल की!"

आणि निघाले. मी हात जोडत, ओरडत त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेलो. "बावीस एकर हाय मामा, बावीस!"

रस्त्यावर जीप उभी होती. जीपमधल्या साहेबांनी शांतपणे वही काढली आणि ते लिहून घेतलं.

अनुदान नामदेवला मिळालं. त्याच्या विहिरीला पाणीही चांगलं लागलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात मामांनी भाचीसुद्धा त्यालाच दिली.

तेव्हापासून आपण खोटं बोलणं सोडलं. बांधावर उभं राहून कुणी विचारलं, तर छातीठोकपणे सांगतो, ती विहीर शेजाऱ्याची. आणि तिच्यावर पाणी भरतेय ना, ती बाईसुद्धा शेजाऱ्याचीच!