दोन सीटांची सायकल आणि साखरपुड्याचे हार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगताना माझ्या मांड्या पुन्हा दुखायला लागतात!

मी जन्मभर गावाला फसवलं. गजाच्या चहात मीठ टाकलं, सरपंचाच्या गाडीवर 'विकणे आहे' लिहिलं, भटजींना भलत्याच घरी जेवायला धाडलं. शाळेनं मला चौथीपुढे ठेवलं नाही, त्यालाही असंच काहीतरी कारण होतं. पण त्या दिवशी माझी जी फजिती झाली ना, तशी वैऱ्याचीही होऊ नये!

आमचं गाव भिवंडीच्या पुढं, नाशिक हायवेला चिकटून. त्या दिवशी माझ्या नातीचा, सायलीचा, साखरपुडा. पाहुणे काल्हेरचे, गोडाऊनवाले. मुलाचा बाप म्हणे कधी हसतच नाही, आणि वेळेचा असा पक्का की उशीर झाला म्हणून आधीचं एक ठिकाण मोडून आलेला.

सकाळी हौसानं, म्हणजे आमच्या म्हातारीनं, मला दारातच अडवलं.

"नाक्यावरून दोन हार घ्यायचे आन् सरळ घरी यायचं. आज मस्करी न्हाय. सायलीची शपथ हाय तुम्हाला."

मी शपथ घेतली. मनापासून घेतली हो!

हार घेतले. गुलाबाचे, पोटापर्यंत येणारे. नवं धोतर सावरत निघालो, तर गजाच्या टपरीवर एक गोरा! ताडासारखा उंच, उन्हानं लालबुंद. शेजारी सायकल. सायकल कसली, आगगाडीच ती! दोन सीटा, दोन हँडल, पेडलच्या दोन जोड्या.

"बायकोसंगं देश फिरतोय," गजा म्हणाला. "तिचा गुडघा सुजला, ती एसटीनं गेली नाशिकला. हा एकटाच दोघांची सायकल हाणतोय."

"तुला रे कोणी सांगितलं?"

"हातवारे करून त्यानंच. मोबाइल मेलाय त्याचा, आन् इथं लाईट न्हाय. नाना, एवढ्या लांबून पाहुणा आलाय, सत्कार करा की!"

आता सांगा, माझ्यासारख्या माणसाला असं म्हणायचं असतं का?

एकच मिनिट, म्हटलं. घालायचा, हसायचं, काढायचा. घातला हार गोऱ्याच्या गळ्यात! टपरीनं टाळ्या वाजवल्या. गोऱ्याचे डोळे भरून आले. हार काढायला मी हात पुढे केला, तर त्यानं तोच हात धरून गदागदा हलवला. आणि हारासकट सायकलवर बसला की!

अरे, हार! नातीचा हार!

तेवढ्यात त्यानं मागच्या सीटकडे बोट दाखवलं. मी विचार केला, बसू. पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाऊ, मागून हार काढू, उतरू. हात मोकळे हवेत म्हणून दुसरा हार स्वतःच्या गळ्यात घातला. गोऱ्यानं विचारलं, "नाशिक?" टपरी बघतेय म्हटल्यावर मीही ऐटीत म्हणालो, "यस! यस! व्हेरी गुड!"

मोरी आली. मोरी गेली.

त्या सायकलची एक गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. पुढच्यानं पेडल मारलं की मागचं आपोआप फिरतं. थांबवायला जाल तर नडगी फुटेल. माझे पाय माझे राहिलेच नव्हते! एका अंगाला ट्रेलर, दुसऱ्या अंगाला गटार, मधे आम्ही दोघं, वाऱ्यासारखे.

मी मागून हाराला हात घातला. गोऱ्याला मानेला गुदगुल्या झाल्या, त्यानं अंग चोरलं, सायकल गेली ट्रेलरकडे! कानाशी असा हॉर्न वाजला की माझा स्वर्गातला बाप मला स्वच्छ दिसला. हार सोडला आणि सीट घट्ट धरली. त्याच्या हारातल्या पाकळ्या सुटून माझ्या तोंडावर आपटत होत्या. एकेका पाकळीबरोबर सायलीचं लग्न उडून चाललं होतं.

पडघ्याच्या बाजारात आमचा शेजारी भीमा दिसला. मी ओरडलो, "भीमा! थांबव याला! पळवतोय मला!"

"नाना, आज काय नवीन?" भीमा पोट धरून हसला आणि त्यानं टाटा केला.

टोलनाक्यावरचा पोरगा तर ओळखीचा. "वाचव रे! घरी साखरपुडा हाय!"

"फास्टॅग कुठाय नाना?" म्हणाला, आणि सलाम ठोकला!

जन्मभर काय कमावलं ते मला त्या टोलनाक्यावर कळलं. बरं, मी ओरडलो की गोऱ्याला वाटायचं म्हातारा खुशीत आलाय. तो आणखी जोर लावायचा!

शेवटी देवानं ऐकलं, पण त्याच्या पद्धतीनं. धोतराचा सोगा चेनमध्ये गेला. टर्रर्र! सायकल कचकन अडकली. गोरा उतरला, बघतो तर मागे मी, सदरा आणि हार. धोतर सगळं चेनच्या पोटात!

मी त्याला खुणांनी सांगितलं. बोटात अंगठी घातली, सनई वाजवली, नवरीसारखी मान खाली घातली. मग हौसा होऊन स्वतःच्याच दोन थोबाडीत मारल्या. ती शेवटची खूण त्याला लगेच समजली, बायकोवाला माणूस. त्यानं झटकन पिशवीतून स्वतःची घट्ट काळी चड्डी काढून मला दिली, धोतर फाडून चेन सोडवली आणि सायकल भिवंडीकडे वळवली. या वेळी मीही पेडल मारलं. देवाशप्पथ मारलं!

इकडे घरी काय झालं ते मागाहून कळलं. पाहुणे वेळेवर हजर. हार नाहीत. मुलाच्या बापानं दोनदा घड्याळ बघून विचारलं, "मुलीचे आजोबा दिसत नाहीत?"

हौसाला गजानं तेवढ्यात येऊन सगळं सांगितलेलं. सांगणार काय बिचारी? म्हणाली, "ते परदेशात असतात."

"असं? कुठं?"

हौसा उत्तर शोधतेय, तोच मांडवाच्या तोंडाशी घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग!

पुढे गोरा, गळ्यात हार. मागे मी, गळ्यात हार, खाली काळी चड्डी. सायलीच्या डोळ्यांत पाणी. काल्हेरचा तो कधी न हसणारा माणूस सावकाश उठला. माझ्याकडे बघितलं, गोऱ्याकडे बघितलं, दोन्ही हारांकडे बघितलं. मला वाटलं, मोडलं!

"परदेशातून लवकर आलात," तो म्हणाला, "आणि लग्न करूनच आलात?"

आणि तो माणूस हसला हो! असा हसला की खुर्चीत कोसळला, आणि मागोमाग अख्खा मांडव! सायलीचं जमलं, तिथंच जमलं. मी हुश्श केलं, गोऱ्याचा हात धरला आणि आत निघालो.

"थांबा! तिथंच थांबा दोघं!" हौसा कडाडली. "सायले, तांदळाचं माप आण उंबऱ्यावर. गोरी पहिल्यांदाच घरात येतेय!"